जहाजाच्या यादीतलं नाव आणि आपला माणूस

सतराव्या शतकात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर येऊन वसलेल्या इंग्रज पूर्वजांविषयी या वेळी बरेच प्रश्न आले आहेत. बहुतेक पत्रं तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतली आहेत. सून किंवा जावई तिथला, नातवंडांसाठी दोन्हीकडची वंशावळ लिहायला घेतली. एका बाजूचा छापील कुलवृत्तांत कपाटात होताच, दुसरी बाजू मात्र १६३५ सालच्या एखाद्या नावापाशी येऊन अडली. निवडक प्रश्नांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न: जावयांच्या घराण्याचा मूळ पुरुष १६३५ मध्ये लंडनहून मॅसॅच्युसेट्सला आला, असं त्यांच्याकडे सांगतात. छापील प्रवासीयादीत त्या नावाचा २४ वर्षांचा एक माणूस मिळाला. इंटरनेटवरच्या सात-आठ वंशावळींतही तोच आहे. आता पुढे काय शोधावं?

उत्तर: त्या माणसाला तूर्त बाजूला ठेवा आणि जावयांपासून मागे जायला लागा. आजपासून १६३५ पर्यंत साधारण अकरा ते तेरा पिढ्या होतात. प्रत्येक सांध्यावर ‘हा अमक्याचा मुलगा’ असं सांगणारा कागद हवा. एक सांधा सैल निघाला की त्याच्या मागचं सगळं दुसऱ्याच कुणाचं घराणं ठरतं, मग ते कितीही खरं असो.

१८५० पर्यंतचा रस्ता सोपा आहे. अमेरिकेची जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी होते. १८५० पासून तिच्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव मिळतं आणि १८८० पासून कुटुंबप्रमुखाशी नातंही. १८४० पर्यंत मात्र फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे आकडे. खरी दमछाक होते ती १७८० ते १८५० या पट्ट्यात. १६३५ वाला माणूस बिचारा उगाच बदनाम आहे! या काळात कुटुंबं मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट सोडून व्हर्माँट, न्यूयॉर्क, ओहायोकडे निघाली. जुन्या गावच्या वहीत जन्म नोंदला गेला, नव्या वस्तीत काहीच नोंदलं गेलं नाही. मग ओहायोत मेलेल्या माणसाच्या नावाचे तीन जन्म तीन गावांत सापडतात आणि वंशावळ करणारा त्यातला सोयीचा उचलतो.

तिथे दोन कागद कामाला येतात. पहिला जमिनीच्या खरेदीखताचा. नव्या गावात राहायला गेलेला माणूस बापाच्या जमिनीतला हिस्सा विकतो तेव्हा खतात स्वतःचं सध्याचं गाव लिहितो. दोन गावं एकाच कागदावर आली की सांधा जुळला. दुसरा कागद अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या पेन्शनचा. १८३२ च्या कायद्याखाली अर्ज करणाऱ्या म्हाताऱ्या शिपायांनी जन्म कुठे झाला, कुठून भरती झालो, नंतर कुठे कुठे राहिलो हे शपथेवर सांगितलेलं असतं.

१७८० च्या मागे न्यू इंग्लंडात, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट वगैरे ईशान्येकडच्या भागात, पुन्हा उजेड आहे. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६३९ मध्येच जन्म, विवाह, मृत्यू नोंदवायचा हुकूम काढला. अनेक गावांच्या १८५० पर्यंतच्या नोंदी पुढे पुस्तकरूपाने छापल्या गेल्या, पण आडनाव-नावाच्या अकारविल्हे क्रमाने. या क्रमाने घात होतो. मूळ वहीत कारकुनाने एका जोडप्याची सगळी मुलं एका खाली एक लिहिलेली असतात. छापताना ती विखुरली आणि एकाच नावाच्या दोन बापांची मुलं शेजारी येऊन बसली. छापील पुस्तकावरून पान शोधा, पण निर्णय मूळ वहीचं चित्र बघूनच करा.

आता त्या यादीबद्दल. १६२० ते १६४० मध्ये अंदाजे २०,००० माणसं न्यू इंग्लंडला आली. त्यांतल्या मोजक्याच जहाजांच्या याद्या टिकल्या. यादीतला जॉन आणि गावातला जॉन एकच, हे यादी सांगत नाही. यादीतला वाटेत मेला असेल, परत गेला असेल, नाहीतर दुसऱ्या वसाहतीत उतरला असेल. १६३५ पर्यंत आलेल्यांचा माणसागणिक अभ्यास रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांच्या ‘द ग्रेट मायग्रेशन’ ग्रंथमालेत आहे. तुमचा माणूस तिथे आधी काढा. त्यात ‘मूळ गाव अज्ञात’ असं लिहिलेलं असेल आणि एखादी वंशावळ त्याच्या आईबापांची नावं छातीठोकपणे देत असेल, तर त्या वंशावळीने ग्रंथानंतर सापडलेला कागद दाखवायला हवा. आणि सात-आठ वंशावळी म्हणजे सात-आठ साक्षीदार नव्हेत. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी उतरवून घेतलं.

प्रश्न: एका पूर्वजाचा मृत्यू २० डिसेंबर १६५० चा आणि त्याच्या मालमत्तेची यादी १५ जानेवारी १६५० ची. मेल्याच्या अकरा महिने आधी यादी कशी होईल? शिवाय काही नोंदींत महिन्याच्या जागी नुसता आकडा आहे.

उत्तर: दोन्ही तारखा बरोबर आहेत. इंग्लंड आणि तिच्या वसाहतींत १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागत असे, जसं आपलं शके चैत्रात बदलतं तसंच. त्यामुळे डिसेंबर १६५० नंतर जानेवारी १६५० च येतो. यादी मृत्यूनंतर सव्वीस दिवसांनी झाली, अगदी रीतसर. अशा तारखा ‘१५ जानेवारी १६५०/५१’ अशा जोडवर्षाने लिहायच्या: पहिलं साल कागदावरचं, दुसरं आजच्या हिशेबाचं. कागदावर नुसतं १६५० असेल तर तेवढंच उतरवून घ्या आणि जोडवर्ष शेजारी चौकटी कंसात आपल्या जबाबदारीवर लिहा, म्हणजे कागदाचं काय आणि तुमचं काय हे पुढच्याला कळेल.

आकड्यांचं असं: महिन्यांची नावं मूर्तिपूजकांची म्हणून प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट पंथाची, मंडळी ती टाळत. पहिला महिना मार्च, त्यामुळे सातवा सप्टेंबर आणि बारावा फेब्रुवारी. ‘१०-१२-१६४५’ म्हणजे १० फेब्रुवारी १६४५/४६. ही नोंद डिसेंबरची समजून मूल लग्नाआधी जन्मलं असं लिहिणारे कमी नाहीत. मार्चच्या १ ते २४ तारखांना विशेष जपावं. काही कारकून पहिला महिना लागताच, म्हणजे १ मार्चलाच साल बदलत, काही २५ पर्यंत थांबत. त्या कारकुनाच्या वहीत फेब्रुवारीनंतरची चार पानं उलटली की त्याची सवय कळते.

१७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला, ते अकरा दिवस मात्र तुमच्या १६५० च्या तारखांत मिळवू नका. जॉर्ज वॉशिंग्टन यांची जन्मतारीख जुन्या हिशेबाने ११ फेब्रुवारी १७३१ आणि नव्या हिशेबाने २२ फेब्रुवारी १७३२ होते. प्रत्येक पूर्वजाला असं दुरुस्त करत बसलं तर मूळ कागद पुन्हा सापडायचा नाही.

प्रश्न: मृत्युपत्रात पूर्वजाने एकाला ‘माय कझिन’ म्हटलं आहे, एकाला ‘सन-इन-लॉ’, आणि बायकोला ‘माय नाऊ वाइफ’. म्हणजे बायको दुसरी होती का? थोरल्या मुलाचं तर नावच नाही. त्याला बेदखल केलं असेल का?

उत्तर: शब्द आजचे वाटतात, अर्थ आजचे नाहीत. ‘कझिन’ बहुधा पुतण्या किंवा भाचा असतो. ‘सन-इन-लॉ’ जावई असू शकतो, तसाच बायकोचा आधीच्या नवऱ्यापासूनचा मुलगाही; आडनावं ताडून बघा. ‘ब्रदर’ मेव्हणा असू शकतो किंवा नुसता चर्चमधला सहसदस्य. ‘नाऊ वाइफ’ वरून पहिली बायको होती असं ठरत नाही. ही आधी वारली आणि मी पुढे पुनर्विवाह केला, तरी देणगी आत्ता जी माझी बायको आहे तिच्यापुरतीच, पुढच्या बायकोला नाही, एवढाच कायदेशीर अर्थ.

थोरला गाळला गेला असेल तर बहुतेक वेळा त्याला लग्नाच्या वेळीच जमीन मिळालेली असते. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, दस्तांत बापाने मुलाला ‘प्रेमापोटी’ दिलेलं दानपत्र शोधा. हे दस्त नोंदवायला लोक वीस-तीस वर्षंही लावत, तेव्हा सूची बापाच्या मृत्यूनंतरच्या सालांतही चाळा. मॅसॅच्युसेट्समध्ये दस्त काउंटीकडे, कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंडमध्ये गावाकडे, हेही लक्षात असू द्या. काउंट्याही स्थिर नव्हत्या. मॅसॅच्युसेट्समध्ये पहिल्या चार १६४३ मध्ये झाल्या. वूस्टर काउंटी थेट १७३१ मध्ये सफोक, मिडलसेक्स आणि हॅम्पशरमधून काढली. तेव्हा १७२० चा वूस्टरचा माणूस वूस्टरच्या कचेरीत मिळणार नाही.

मृत्युपत्र नसेल तर निराश होऊ नका, उलट कधीकधी ते बरंच. मृत्युपत्रात बाप हवी ती नावं घेतो. ते नसेल तर कोर्टाला सगळ्याच वारसांना वाटा द्यावा लागे. मॅसॅच्युसेट्सच्या १६४१ च्या कायदेसंग्रहात मृत्युपत्र नसताना थोरल्या मुलाला दुप्पट वाटा ठरवला आहे. कर्ज भागवून १५० पौंड उरले समजा. विधवेचा तिसरा हिस्सा ५० पौंड. राहिले १००. मुलं चार, पण वाटे पाच, कारण थोरल्याचे दोन. त्याला ४०, बाकी तिघांना प्रत्येकी २०. हे गणित उलटही चालवता येतं. एखादा मुलगा ‘माझ्या बापाच्या जमिनीतला माझा सहावा हिस्सा’ विकत असेल, तर वाटे सहा आणि थोरला मुलगा धरून वारस पाच. तुम्हाला चारच माहीत असतील, तर पाचवा कुठेतरी आहे. बहुधा लग्न होऊन आडनाव बदललेली मुलगी.

जमिनीतला विधवेचा तिसरा हिस्सा तिच्या हयातीपुरता असे. ती वारली की त्याची पुन्हा वाटणी होई, कधी बापानंतर तीस-तीस वर्षांनी. पूर्ण फाइलमधला सर्वांत मोलाचा कागद हाच, आणि लोक तो सोडतात, कारण बापाच्या मृत्यूनंतरची दोन-चार पानं बघून फाइल मिटतात. या दुसऱ्या वाटणीत हयात मुलं असतात, मेलेल्या मुलांची मुलं असतात आणि मुलींचे नवरे नावानिशी असतात.

मालमत्तेची यादी शेजारचे दोघे-तिघे खोलीखोलीतून फिरून करत. गादी, कांबळी, लोखंडी भांडं, दोन बैल, बायबल, प्रत्येकापुढे पौंड-शिलिंग-पेन्स. हत्यारांवरून धंदा कळतो: करवती-रंधे असतील तर सुतार, माग असेल तर विणकर. आणि काही याद्यांत गुरांच्या खाली गुलाम माणसांचीही किंमत लिहिलेली असते, पुष्कळदा नुसत्या पहिल्या नावाने. तसं पान मिळालं तर तेही जसंच्या तसं उतरवा. त्या माणसाचे वंशजही शोधात असतात आणि त्यांच्यासाठी एवढाच कागद असू शकतो.

प्रश्न: एकाच गावात ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ आहेत. बाप-लेक धरून चाललो तर वयं जमत नाहीत. दोघांच्याही बायकांचं माहेर कळत नाही.

उत्तर: ते काका-पुतणे असतील किंवा कोणीच नसतील. त्या काळी या शब्दांचा अर्थ गावातला थोरला आणि धाकटा एवढाच होता. थोरला मेला की ज्युनियर सीनियर होई आणि ‘तिसरा’ ज्युनियर होई. म्हणजे १६७० चा ज्युनियर आणि १६९० चा ज्युनियर वेगळे असू शकतात. अशा वेळी प्रत्येक नोंद एका ओळीत घेऊन तक्ता करा: तारीख, पदवी, बायको, शेजारी, जमिनीची चतुःसीमा. नाव बदलत नाही, पण बांधाला लागून कोण आहे हे दोघांचं वेगळं असतं, आणि माणसं त्यावरून सुटी होतात. मूल मेलं की तेच नाव पुढच्याला ठेवायची पद्धत होती, तेव्हा एका जोडप्याच्या दोन सॅम्युएलांतला कोणता जगला हेही बघून घ्या.

माहेर शोधायला मुलीकडून जाऊ नका, तिचा बाप असू शकेल अशांकडून या. गावातल्या आणि शेजारगावच्या योग्य वयाच्या सगळ्या पुरुषांची मृत्युपत्रं काढा आणि त्यांत सासरच्या आडनावाने आलेली मुलगी शोधा. मुलांच्या नावांत आजोबांचं वेगळंच नाव डोकावतं, तेही खुणेचं. १७०० पूर्वीच्या न्यू इंग्लंडातल्या विवाहांची टॉरी यांनी केलेली मोठी सूची आहे. ती कुठे काय छापलंय हे सांगते, खरं-खोटं ठरवत नाही. विवाहाची नोंद चर्चमध्ये शोधण्यात वेळ घालवू नका: प्युरिटनांकडे विवाह हा दिवाणी करार होता, तो मॅजिस्ट्रेट लावत. चर्चच्या वहीत बाप्तिस्मे मिळतील, तेही सभासदांच्या मुलांचे. एकाच दिवशी दोन ते नऊ वर्षांची चार भावंडं दिसली तर ती चौळी नव्हेत, आई किंवा बाप त्या महिन्यात सभासद झाला.

प्रश्न: व्हर्जिनियातल्या एका जमीनपट्ट्यात १६५४ साली आमच्या सुनेच्या पूर्वजाचं नाव आहे. तो त्याच वर्षी आला असं धरावं का?

उत्तर: नाही. १६१८ पासून व्हर्जिनियात माणूस आणण्याच्या खर्चाबद्दल माणशी ५० एकर मिळत. त्याला ‘हेडराइट’ म्हणतात. पट्ट्याच्या खाली ज्यांच्या भाड्यावर जमीन मागितली त्यांची नावं असतात. तो हक्क विकता येई, वर्षानुवर्षं पेटीत पडून राही आणि मग वापरला जाई. एकच माणूस दोन पट्ट्यांत येई, इंग्लंडला जाऊन परतलेला व्यापारी स्वतःचंही नाव पुन्हा लावी. म्हणून ‘१६५४ पर्यंत आला असावा’ एवढंच लिहा. पट्टा कोणाचा आणि खालच्या यादीत कोण, यातही गल्लत करू नका: वरचा जमीनवाला, खालचा बहुधा चार ते सात वर्षांच्या करारावर आलेला नोकर.

व्हर्जिनियात न्यू इंग्लंडासारख्या गावनोंदी नाहीत, आणि काही काउंट्यांचे कागद जळाले. जेम्स सिटी काउंटीने अमेरिकेच्या यादवी युद्धात सुरक्षित राहावेत म्हणून आपले रिचमंडला पाठवले आणि ते १८६५ मध्ये तिथल्या आगीत गेले. अशा ठिकाणी तीन वाटा राहतात: रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियातले जमीनपट्टे, १७०४ ची जमीनकराची यादी आणि शेजारच्या काउंटीचं कोर्ट, कारण माणूस हद्दीपलीकडेही कर्ज घेई, साक्ष देई. पूर्व किनाऱ्यावरच्या नॉर्दॅम्प्टनची कोर्टाची दप्तरं तर १६३२ पासून सलग आहेत.

प्रश्न: शंभर वर्षांपूर्वी छापलेल्या घराण्याच्या इतिहासात कुलचिन्ह आहे आणि मूळ पुरुषाचा बाप इंग्लंडातला सरदार दाखवला आहे. तीन भाऊ बरोबर आले असंही आहे.

उत्तर: तिन्ही गोष्टींकडे संशयाने बघा. कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका माणसाला आणि त्याच्या वंशाला मिळतं. तीन भावांची कथा एका आडनावाची तीन घराणी जोडायला सोयीची, म्हणून ती जागोजागी आहे. आणि त्या काळात पैसे घेऊन वंशावळी बनवून देणारेही होते. १९४२ मध्ये वारलेल्या गुस्ताव आंजू याने श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी खऱ्या कागदांत खोटे कागद मिसळून असे कितीतरी इतिहास रचले, आणि त्यांतले आजही नकलले जातात.

इंग्लंडातलं मूळ शोधायचं तर पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, वह्या १५३८ पासून सुरू झाल्या, पण बऱ्याच ठिकाणी सुरुवातीची पानं नाहीत. १५९८ पासून दर वर्षी बिशपकडे नक्कल जाई. मूळ फाटली असेल तर ती बघा. नावाचा बाप्तिस्मा मिळाला की लगेच उडी मारू नका. आधी त्याला नापास करून बघा: त्याच वहीत पुढे तो मूल असतानाच दफन झालाय का? १६४० नंतर तिथेच त्याचं लग्न, मुलं आहेत का? असतील तर तो अमेरिकेत नव्हता. उलट नवरा, बायको आणि दोन-तीन मुलं एका पॅरिशमधून नाहीशी होतात आणि त्याच नावांनी, जुळणाऱ्या वयांनी न्यू इंग्लंडात उमटतात, तर पुरावा भक्कम. त्याहून भक्कम म्हणजे मागे राहिलेल्या भावाचं किंवा मावशीचं ‘न्यू इंग्लंडातल्या अमक्याला पाच पौंड’ म्हणणारं मृत्युपत्र. कँटरबरीच्या वरिष्ठ कोर्टातली मृत्युपत्रं क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत.

प्रश्न: डीएनए तपासणीने हे सगळं एका झटक्यात सुटेल का?

उत्तर: नेहमीच्या तपासणीने नाही. दहा पिढ्या मागे १,०२४ पूर्वज होतात, आणि त्यांतल्या अनेकांचा एकही तुकडा तुमच्यात उतरलेला नसतो. शिवाय न्यू इंग्लंडातली जुनी घराणी आपसांत इतकी गुंतलेली आहेत की जुळणी कोणामुळे आली हे सांगणं अवघड. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची तपासणी मात्र उपयोगी. मूळ पुरुषाच्या दोन वेगळ्या मुलांपासून सरळ पुरुषवंशाने आलेले दोघे शोधा. दोघांचं जुळलं तर वरचा भाग टिकतो. नाही जुळलं तर कुठलातरी सांधा खोटा, तो कागदांतच शोधावा लागतो.

प्रश्न: जुनं अक्षर लागत नाही. आडनाव दोन ‘एफ’नी सुरू होतं, ते वेगळं घराणं समजायचं का?

उत्तर: नाही, दोन छोटे ‘एफ’ म्हणजे त्या काळचा मोठा ‘एफ’. ‘वाय-ई’ दिसलं तर ते ‘द’ वाचा. ‘आय’ आणि ‘जे’, ‘यू’ आणि ‘व्ही’ एकमेकांच्या जागी येतात. एकाच कागदात आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं, त्यामुळे सूचीत सगळे पर्याय टाका. फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर मोफत खातं उघडून हजारो वह्यांची पानं घरबसल्या बघता येतात. शोधाच्या चौकटीत नाव टाकून काही आलं नाही, तर पुष्कळदा वही तिथे असते, तिची सूची तेवढी झालेली नसते. कॅटलॉगमध्ये गावाचं नाव घालून वही काढा आणि पानं एकेक करून उलटा.